अडगळीतील विद्युत्-साधने : कोणते भाग राखावेत, काय सोडून द्यावे

तालुक्याच्या कोणत्याही शासकीय कार्यालयात, जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत गेले असता एक खोली हमखास कुलूपबंद आढळते. जुन्या दप्तरांच्या गाठोड्यांशेजारी तेथे फुगीर पडद्याचे संगणक, शाईच्या फितीवर चालणारे प्रिंटर, बंद पडलेले यूपीएस, ध्वनिवर्धकाचे कर्णे आणि तारांची वेटोळी पडून असतात. शाळांतून संगणक-शिक्षणाची केंद्रपुरस्कृत योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ग्रामपंचायतींत २०११ पासून ‘संग्राम’ केंद्रांच्या रूपाने संगणक पोहोचले आणि २०१६ पासून त्यांची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. प्रत्येक टप्प्यावर नवी यंत्रे आली तसतशी जुनी त्या खोलीत जाऊन बसली. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ती अद्याप जमा असतात. प्रत्यक्षात त्यांचा वाली कोणी नसतो.

पुढे केव्हा तरी निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो आणि सारा ढीग किलोच्या भावाने भंगारात जातो. भंगारवाला त्यातून तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड काढतो आणि उरलेले जाळतो किंवा ओढ्याकाठी टाकतो. या व्यवहारात दुहेरी हानी आहे. सुस्थितीतील सुटे भाग फुकट जातात आणि जे विष यंत्राच्या पेटीत बंदिस्त होते ते मोकळे होते. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी शाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व पंचायती यांनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. सर्व विवेचनामागे एकच सूत्र आहे : जो भाग अखंड निघतो आणि अखंडच वापरता येतो तो काढावा, धातू काढण्याच्या वाटेला मात्र कोणीही जाऊ नये.

यंत्र ‘मरते’ म्हणजे काय

विद्युत्-यंत्रात शेकडो भाग असतात आणि ते सारे एकाच वेळी निकामी होत नाहीत. बहुधा एक-दोन भाग जातात आणि त्यांच्यामुळे उरलेले सर्व भाग निरुपयोगी ठरवले जातात. यूपीएसचे उदाहरण घ्यावे. त्यातील शिसे-आम्लाची बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत थकते. बॅटरी बदलली की तोच यूपीएस पुन्हा चालू लागतो, परंतु अनेक कार्यालयांत बॅटरीसह संपूर्ण यंत्रच अडगळीत टाकले जाते.

दुसरा नेहमीचा दोषी म्हणजे विद्युत्-अपघटनी धारित्र. कारागीर त्याला नुसते ‘कंडेन्सर’ म्हणतात. हा उभ्या नळकांड्यासारखा भाग होय. त्याच्या आत द्रव असतो व तो कालांतराने वाळत जातो. अशा धारित्रावर ‘१०५ अंश’ असे छापलेले असते आणि त्या तपमानाला त्याचे आयुष्य अनेकदा २,००० तास इतकेच धरलेले असते. तपमान दर १० अंशांनी कमी झाले की आयुष्य ढोबळ मानाने दुप्पट होते. म्हणजे तोच भाग ६५ अंशांवर राहिला तर सुमारे ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास वापर धरला तर जवळजवळ ११ वर्षे. हवा न खेळणाऱ्या, धुळीने भरलेल्या पेटीत यंत्रे अकाली का बंद पडतात याचा उलगडा या साध्या हिशेबाने होतो. या शतकाच्या आरंभीच्या काही वर्षांत तर सदोष द्रावणाची धारित्रे जगभरच्या संगणकांत बसवली गेली व ती वेळेआधीच फुगून फुटली. यंत्र उघडल्यावर धारित्राचा माथा सपाट नसून फुगलेला दिसला, तर दोष बहुधा तेथेच असतो. नवे धारित्र काही रुपयांत मिळते. अर्थात, भाग काढून घेण्याआधी यंत्रच दुरुस्त होते का हे पाहणे ही पहिली पायरी होय.

भागांच्या निवडीचे तत्त्वही यावरूनच ठरते. ज्या भागात द्रव नाही, घर्षण नाही आणि रासायनिक क्रिया नाही, तो भाग सहसा म्हातारा होत नाही. रोहित्र, वेटोळी, रोध, डायोड, उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे पंखदार तुकडे, लोहचुंबक, जोडण्या व खटके हे या वर्गातले भाग आहेत. याउलट अपघटनी धारित्रे, बॅटऱ्या, पंख्यांचे बेअरिंग, रिलेचे संपर्कबिंदू आणि चित्रनलिका यांचे वय वापराबरोबर सरत असते. जुन्या यंत्रातून धारित्रे गोळा करून नव्या दुरुस्तीत बसवणे म्हणजे एक आजार दुसऱ्या घरी नेण्यासारखे आहे.

काय काढावे

येथे एक हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. पट्टिकेवरील एकेक रोध डाख वितळवून काढणे हे आर्थिकदृष्ट्या परवडणारे काम नाही, कारण नवा रोध बाजारात अत्यल्प किमतीत मिळतो आणि माणसाचा वेळ त्याहून मोलाचा असतो. अलीकडच्या पट्टिकांवरील तांदळाच्या कणीएवढे, पृष्ठभागावरच चिकटवलेले भाग काढण्यास तर गरम हवेचे वेगळे उपकरण लागते. शाळेने त्या भानगडीत पडू नये. जे मोठे आहे, ज्याची जोडणी स्क्रूने किंवा दोन-चार पायांनीच केलेली आहे आणि जे विकत घ्यावयाचे तर शाळेच्या तुटपुंज्या अनुदानात बसत नाही, तेवढेच काढावे.

संगणकाच्या पेटीतील वीजपुरवठ्याचा डबा हा या दृष्टीने पहिल्या मानाचा भाग आहे. तो उघडू नये; आहे तसाच वापरावा. त्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज मिळते. प्रचलित पद्धतीनुसार पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची आणि काळी ऋण टोकाची असते. मोठ्या जोडणीतील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेस जोडली की डबा सुरू होतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत तारांचे रंग निराळे असतात, म्हणून वापरण्यापूर्वी प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासावी. ओहमचा नियम, पाण्याचे विद्युत्-अपघटन, तांब्याचा मुलामा या प्रयोगांसाठी कोरडे घट विकत आणणाऱ्या शाळेला हा डबा वर्षानुवर्षे पुरतो. मात्र त्यातून दहा-दहा अँपियर धारा वाहू शकते. बारीक तारेने दोन टोके जुळली तर तार तापून लाल होते. त्यासाठी बाहेर निघणाऱ्या प्रत्येक तारेवर योग्य क्षमतेचा फ्यूज बसवावा.

जुन्या कार्यालयांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर विपुल सापडतात आणि त्यांची उपेक्षाही तितकीच होते. त्यात एक किंवा दोन पावली मोटरी, गुळगुळीत पोलादी दांडे, दातेरी चक्रे व पट्टा असतो. पावली मोटरीच्या एका वेटोळ्याच्या दोन टोकांना प्रकाश देणारा लहान डायोड जोडावा आणि मोटरीचा आस बोटांनी फिरवावा. डायोड लुकलुकतो. फिरत्या चुंबकामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते, हा फॅरेडेचा नियम विद्यार्थ्याच्या चिमटीत येतो. फळ्यावरील आकृतीने जे साधत नाही ते या मोटरीने पाच मिनिटांत साधते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. बंद पडलेल्या हार्ड डिस्कमध्ये अतिशय जोरकस चुंबक असतात. ते एकमेकांकडे झेपावतात आणि मधे बोट आल्यास चिमटा बसतो, म्हणून लहान मुलांच्या हाती सुटे देऊ नयेत.

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ कोणाच्या घरी पडून असेल तर तो मात्र भंगारात जाऊ देऊ नये. त्यातील फेराइटची कांडी व तिच्यावरील वेटोळे, केंद्र लावण्याचे गँग कंडेन्सर, स्पीकर आणि विशेषतः काचेच्या इवल्याशा नळीतील जर्मेनियमचा डायोड हे भाग आता बाजारात सहज मिळत नाहीत. सिलिकॉनच्या डायोडला वाहू लागण्यास सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. जर्मेनियमच्या डायोडला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. म्हणूनच बॅटरीविना चालणारा साधा ग्राहक जर्मेनियमवर बनतो. ज्या भागात मध्यम लहरींचे प्रक्षेपण जोरकस मिळते तेथे लांब आकाशतार, जमिनीत पुरलेली तार आणि जास्त रोधाचा कर्णध्वनिग्राहक एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्यांना आकाशवाणी ऐकवता येते.

यूपीएसमधील रोहित्र वजनदार व उपयुक्त असते. ते तपासताना थेट भिंतीवरील प्लगला जोडू नये. ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा दिवा त्याच्याशी एकसरीत जोडावा. दिवा पूर्ण तेजाने पेटला तर आतील वेटोळे जळालेले किंवा टोके चुकलेली असतात; मंद पेटला अथवा विझलेलाच राहिला तर रोहित्र चांगले असण्याचा संभव अधिक. दिव्याऐवजी फ्यूज उडवून घेण्यापेक्षा ही जुन्या मिस्त्रींची रीत कितीतरी स्वस्त आहे.

डाख, म्हणजे कारागिरांचे सोल्डर, काढण्यासाठी २५ वॉटची कैची व डाख शोषून घेणारा पंप पुरेसा होतो. कथील व शिसे यांचा जुन्या प्रमाणातील डाख १८३ अंशांना वितळतो. शिसेविरहित नवा डाख २१७ अंशांच्या पुढे. जुना, काळवंडलेला डाख हट्टी असतो. त्यावर थोडा नवा डाख लावला की तो लगेच पाझरतो. एका पायाला तीन-चार सेकंदांपेक्षा अधिक वेळ कैची टेकवू नये. काही ठिकाणी संपूर्ण पट्टिका गॅसच्या शेगडीवर किंवा तव्यावर तापवून भाग झाडून घेतात. ही पद्धत पूर्णपणे वर्ज्य मानावी, कारण पट्टिकेतील आगप्रतिबंधक रसायनांचा धूर त्यामुळे थेट फुफ्फुसात जातो.

जेथे हात लावू नये

बंद यंत्र निर्धोक असते हा समज घातक आहे. २३० व्होल्टची घरगुती वीज सरळ केली असता तिचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि वीजपुरवठ्यातील मोठे धारित्र तेवढा भार प्लग काढल्यावरही काही काळ साठवून ठेवते. म्हणून अशा विभागाचे काम केवळ प्रशिक्षित शिक्षकाने किंवा मिस्त्रीनेच करावे. दहा किलो-ओहम व दहा वॉटचा रोध, विद्युतरोधक आवरणाच्या तारांनी, धारित्राच्या दोन टोकांना अर्धा मिनिट लावून धरावा आणि विभवांतर शून्यावर आल्याची खात्री मल्टिमीटरने करावी. पेचकसाने टोके जुळवून ठिणगी पाडणे हे कौशल्य नव्हे.

चित्रनलिकेच्या दूरचित्रवाणी संचात व जुन्या संगणक-पडद्यात हाच भार वीस हजार व्होल्टच्याही वर जातो. नलिकेच्या आत निर्वात पोकळी असल्याने ती फुटल्यास काचा आत कोसळून चौफेर उडतात. शिवाय तिच्या मागील निमुळत्या भागाच्या काचेत वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके शिशाचे ऑक्साइड असते. मानेवरील तांब्याच्या वेटोळ्यासाठी भंगारवाले हीच काच फोडतात. चित्रनलिकेचे यंत्र शाळेने उघडूच नये. आहे तसे द्यावे. एखाद्या विश्रामगृहातून मायक्रोवेव्ह भट्टी निर्लेखनात आली तर तिलाही हाच नियम लावावा. तिचे रोहित्र सुमारे दोन हजार व्होल्टवर पुष्कळ धारा देते आणि त्याच्या धक्क्यातून माणूस वाचत नाही. नलिकादिवे, सीएफएल दिवे व पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांमागील बारीक नळ्या यांत काही मिलिग्रॅम पारा असतो; त्या फोडू नयेत. लॅपटॉप व भ्रमणध्वनीमधील लिथियमच्या बॅटऱ्या उघडणे, भोसकणे किंवा फुगलेल्या स्थितीत साठवणे म्हणजे आगीस निमंत्रण आहे.

विद्यार्थ्यांच्या सहभागाविषयीही स्पष्टता असावी. यंत्र शिक्षकाने उघडावे आणि विद्यार्थ्यांच्या हाती निर्भार केलेला, स्वच्छ पुसलेला भाग द्यावा. काम हवेशीर जागी व्हावे, तेथे डबे उघडू नयेत आणि काम संपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. शिसे नखांतून पोटात जाते.

सोन्याचा मोह

या पट्टिकांत सोने असते, हे खरे आहे. जोडण्यांवर त्याचा सूक्ष्म मुलामा दिलेला असतो. परंतु त्याचे प्रमाण ध्यानात घ्यावे. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानमध्ये एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या काळात सुमारे ७९ हजार टन लहान विद्युत्-साधने गोळा केली गेली. त्यांत ६२ लाखांहून अधिक भ्रमणध्वनी होते. अद्ययावत कारखान्यांत या साऱ्यातून मिळालेले सोने ३२ किलो भरले. ते सर्व केवळ भ्रमणध्वनींतूनच आले असे धरले तरी दर संचामागे जेमतेम पाच मिलिग्रॅम पडते. एवढ्यासाठी घरामागे आम्लाचे पिंप मांडणाऱ्याच्या पदरी नफ्याआधी खोकला पडतो.

मांडणाऱ्यापेक्षाही त्याच्या मुलांच्या पदरी काय पडते हे चीनमधील गुइयू या गावाने दाखवून दिले. तेथे घरोघरी पट्टिका भाजण्याचा व आम्लात टाकण्याचा धंदा चाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या गावातील सहा वर्षांखालील १६५ बालकांचे रक्त तपासले असता १३५ जणांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या वर आढळले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आघात करते आणि झालेली हानी भरून येत नाही. आपल्या देशातही पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या मुरादाबादेत रामगंगेच्या काठी जाळलेल्या पट्टिकांच्या काळ्या राखेचे ढीग साचले व तो प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. गावकुसाबाहेर तारांची वेटोळी पेटवून तांबे काढण्याचा प्रकार लहान दिसला तरी जात्या त्याहून निराळा नाही. तारेवरील प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतो आणि तांब्याच्या सान्निध्यात ते जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. हे काम बहुधा ज्यांच्याकडे दुसरे काम नसते तीच कुटुंबे करतात. त्यांना दंडाची धमकी देण्याआधी, न जाळता सोललेल्या तारेला भंगाराच्या दुकानात अधिक भाव मिळतो, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी त्यांना जरूर सांगावी.

नोंदी व नियम

सर्वप्रथम हार्ड डिस्क काढून घ्याव्यात. संगणकावरील धारिका पुसली किंवा डिस्क नव्याने मांडली तरी मजकूर पुष्कळदा परत मिळवता येतो. त्या डिस्कवर गावातील नागरिकांच्या आधार पत्रांच्या प्रती, बँक खात्यांचे क्रमांक, दाखले व अर्ज साठलेले असतात. मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही अनेकदा अशी डिस्क असते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक डिस्कची क्रमांकासह यादी करून ती संपूर्ण पुनर्लेखनाने पुसावी किंवा आतील तबकडी नष्ट करावी. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधील तबकडी कित्येकदा काचेची असते. तिला भोक पाडताना ती चुरा होऊन उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा व डिस्कवर जाड कापड असावे. वर सांगितलेले चुंबक यानंतरच काढावेत.

ई-कचऱ्याविषयी पहिले नियम २०११ मध्ये झाले, २०१६ मध्ये ते नव्याने आले आणि सध्या लागू असलेले २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. ज्या संस्थेने आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी अनुसूचीतील किमान १,००० उपकरणे वापरली असतील, ती या नियमांनुसार मोठा ग्राहक ठरते. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच सोपवणे बंधनकारक आहे. एकटी ग्रामपंचायत किंवा शाळा या संख्येपर्यंत पोहोचत नाही, पण मोठी कार्यालये व संस्था पोहोचू शकतात. बंधन नसले तरी लहान संस्थांनीही हाच मार्ग धरणे इष्ट होय. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच स्वतंत्र नियम आहेत. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडे परत देता येते व तिची किंमतही वजा होते.

व्यवहारात अडचण येते ती प्रमाणाची. चार संगणक व दोन प्रिंटर नेण्यासाठी नोंदणीकृत पुनर्चक्रक आडगावी वाहन पाठवणार नाही. पंचायत समितीच्या स्तरावर वर्षातून एकदा ठरावीक दिवशी सर्व शाळांचा व ग्रामपंचायतींचा माल एकत्र केला तर वाहन येते आणि भावही बरा ठरतो. कोण नोंदणीकृत आहे याची खात्री केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयातून करून घ्यावी. भिंतीवर टांगलेल्या एखाद्या प्रमाणपत्राच्या छायाप्रतीवर विसंबू नये.

शाळेने भाग काढून ठेवावयाचे असतील तर ते निर्लेखनाच्या आदेशातच आले पाहिजे. कोणते यंत्र अध्यापनासाठी सुटे केले जाणार, ते कोणाच्या देखरेखीखाली आणि उरलेला सांगाडा कोठे जमा होणार, हे सक्षम अधिकाऱ्याने लेखी नमूद करावे. एरवी शिक्षकाने सद्हेतूने काढलेली मोटर पुढील लेखापरीक्षणात ‘गहाळ’ म्हणून दाखवली जाते आणि मग कोणीच यंत्राला हात लावत नाही. काढलेले भाग झाकणाच्या डब्यांत ठेवून प्रत्येक डब्यावर भागाचे नाव, तो कोणत्या यंत्रातून निघाला आणि तपासल्याचा दिनांक एवढे लिहावे. तीन वर्षांत ज्या डब्याला कोणी हात लावला नाही, तो पुढच्या वाहनाबरोबर पाठवून द्यावा.